कारण सांगणारे पेठकर साहेब

आमच्या रहिमतपुरात पेठकर साहेबांसमोर ‘कळवतो’ हा शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती. शिवी दिलेली चालायची. एकदा बाजारात टेम्पोवाल्याने त्यांना सणसणीत शिवी हासडली, तर साहेब थांबले आणि शांतपणे म्हणाले, "का ते सांगा." त्याने सांगितलं. साहेबांनी आपल्या हातातल्या छत्रीकडे पाहिलं, "बरोबर आहे, आडवी धरली होती," म्हणाले आणि बाजूला झाले. पण नळ दुरुस्त करणारा आमच्या घरी एकदा बेसावधपणे म्हणून गेला, "कवा यायचं ते कळवतो, सायेब." साहेब जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभे होते, तिथूनच त्यांचा आवाज आला. "काय कळवणार? कधी कळवणार? आणि आत्ता कळवायला काय अडचण आहे?" तो बिचारा इतका घाबरला की नळ त्याच दिवशी दुरुस्त करून गेला. मी त्याला आधी दोन आठवडे शोधत होतो.

मी सिकंदर नदाफ. गाद्या भरतो. बाजारपेठेत खाली माझं दुकान, मागे घर आणि वर माडीवर एक खोली. त्या खोलीत शशिकांत पेठकर बारा वर्षं भाडेकरू म्हणून राहिले. मूळचे वाईचे, नोकरी पतसंस्थेत, हुद्दा कर्ज अधिकाऱ्याचा. एकटा माणूस. बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक, एक स्टोव्ह, एक गुंडाळलेली गादी आणि मागच्या दहा-बारा वर्षांची कॅलेंडरं. कॅलेंडरं कशाला, हे पुढे सांगतो.

साहेबांना नकाराचं वावडं नव्हतं. बिनकारणाच्या नकाराचं होतं. स्टँडजवळच्या हॉटेलात पोऱ्या म्हणाला, "मिसळ न्हाई," की इतर लोक भजी मागवतात. साहेब विचारणार, "संपली, की आज केलीच नाही? दोन वेगळ्या गोष्टी आहेत." मग मालक गल्ल्यावरून उठून यायचा आणि मटकीला मोड कसे आले नाहीत याची हकिकत सांगायचा. साहेब ती पूर्ण ऐकून घेत, "आता समजलं" म्हणत आणि मिसळ न खाताच तृप्त चेहऱ्याने बाहेर पडत.

स्वतः नाही म्हणायचं असलं तरी हाच शिरस्ता. माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नाला येता येणार नव्हतं, तर जैबूनला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांनी तीन कारणं सांगितली. एक, त्या दिवशी साताऱ्याला मुख्य कार्यालयात बैठक आहे. दोन, मला गर्दीत डोकेदुखी होते. तीन, तुमच्या मोठीच्या लग्नात बिर्याणीला मीठ जास्त झालं होतं. जैबून आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "पर खरं बोलला बाबा. लय खारट झाली हुती."

फक्त एका बाबतीत त्यांची कारणं पुरी होत नसत. पाऊस संपून कापूस कोरडा झाला की मी दर वर्षी त्यांना म्हणायचो, "सायेब, तुमची गादी द्या, पिंजून नवी करून देतो." ते म्हणत, "नको. कारण एक, जुनी अजून चांगली आहे. कारण दोन, तुम्ही पैसे घेणार नाही आणि मला फुकट चालत नाही. कारण तीन…" आणि इथे ते खिडकीबाहेर बघत. तिसरं कारण बारा वर्षांत कधी खाली उतरलं नाही. गादी मात्र मला खटकायची. अरुंद आणि भलतीच उंच, चारी बाजूंनी चादर घट्ट खोचलेली. हात लावू देत नसत. गादीवाल्याच्या माडीवर असली गादी म्हणजे माझीच बदनामी होती.

आता कॅलेंडरं. पतसंस्थेत कर्ज नामंजूर झालं की इतर शाखांमध्ये अर्जदाराला छापील पत्र मिळतं, की आपला अर्ज विचारात घेता येत नाही. पेठकर साहेब जुन्या कॅलेंडरच्या पानाचे चार तुकडे करत, मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहीत, ‘तुम्हाला कर्ज नाही. कारण अमुक. हे सुधारलं तर या.’ आणि ते पान अर्जदाराच्या हातात देऊन, समोर बसवून, वाचून दाखवत. गावात त्याला ‘पेठकरांचं पान’ म्हणायचे. नकाराचा कागद लोक जपून ठेवतात हे मी फक्त आमच्या गावात बघितलं. स्टेशन रोडला खानावळ चालवणाऱ्या शालनताईंनी आपलं पान मसाल्याच्या डब्यांमागे चिकटवलं होतं. त्यावर लिहिलं होतं तसं त्यांनी वर्षभर केलं आणि पुढच्या वर्षी कर्ज घेऊन फ्रीज आणला.

आणि अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस यंत्र आलं.

साताऱ्याच्या मुख्य कार्यालयाने सगळ्या शाखांना नवीन प्रणाली दिली. अर्जदाराची माहिती भरायची, खात्याचा उतारा जोडायचा, की कृत्रिम बुद्धिमत्ता शंभरपैकी गुण देणार. हा माणूस कर्ज फेडेल की बुडवेल, याचा अंदाज. पंचेचाळीसच्या वर मंजूर, खाली नामंजूर. प्रणाली सांगलीच्या एका कंपनीने बनवलेली, म्हणून साहेब तिला पहिल्या दिवसापासून ‘सांगलीकर’ म्हणायला लागले. "बघू, सांगलीकर काय म्हणतायत."

सांगलीकर फक्त आकडा म्हणायचे. दुसऱ्याच दिवशी शालनताई दुसऱ्या कर्जासाठी गेल्या. पडद्यावर उमटलं, त्रेचाळीस, नामंजूर. शालनताईंनी विचारलं, "का वो सायेब?" आणि पेठकर साहेबांना उत्तर देता आलं नाही. कॅलेंडरचं पान समोर, पेन हातात, आणि लिहायला काही नाही. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी जैबूनने पाठवलेली भाकरी तशीच झाकून ठेवली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आज मी एका बाईला ‘कळवतो’ म्हणालो, सिकंदरभाई." त्यांचा आवाज खून करून आल्यासारखा होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नामंजुरीवर सही करायचं बंद केलं. मंजुरीवरही. "मंजूर का, तेही माहीत नाही. न समजता दिलेलं कर्जही मला चालत नाही." टेबलावर फायली साचल्या. साताऱ्याहून फोन आला, तेव्हा मी शाखेत पैसे भरायला गेलो होतो. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की मला ऐकू येत होतं. "पेठकर, यंत्र चुकत नाही!"

"चुकत नसेलही," साहेब म्हणाले. "ते चुकतं का, असं मी विचारतच नाही. ते असं का म्हणतं, एवढंच विचारतोय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

शेवटी कंपनीची मुलगी सांगलीहून आली. ऋतुजा नाव, पंचविशीची, पाठीवर बॅग. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याला बटणं कळत नसतील. साहेबांनी तिच्यासमोर शालनताईंची फाईल ठेवली आणि एकच वाक्य म्हणाले, "का ते सांगा."

तिने फाईल चाळली. "सर, आत कारणं असतात. कुठल्या गोष्टीने गुण किती वाढले, किती कमी झाले, ते प्रणाली काढून देऊ शकते. पण तुमच्या संस्थेने तो भाग सुरू करून घेतलेला नाही."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे त्याला माहीत होतं आणि ते सांगत नव्हतं?"

"तसं नाही सर…"

"तसंच आहे. मग तर ते आडमुठं नाही, उद्धट आहे."

ऋतुजाने चार दिवस साताऱ्याशी फोनाफोनी केली आणि तो भाग सुरू करून दिला. आता आकड्याखाली आडव्या पट्ट्या दिसायला लागल्या. हिरवी पट्टी गुण वर ढकलणारी, लाल पट्टी खाली ओढणारी, आणि प्रत्येकीशेजारी मराठीत कारण. शालनताईंची सगळ्यात लांब लाल पट्टी होती, ‘खात्यातून रोज रोख काढली जाते, शिल्लक टिकत नाही.’ साहेब खुर्चीत मागे टेकले. "खानावळ आहे, बाळ. भाजी रोजची रोज आणते ती. आठवड्याची एकदम आणली असती तर मीच जेवलो नसतो तिथे." त्यांनी तसा शेरा लिहिला, साताऱ्याच्या समितीने तो मानला आणि शालनताईंचं कर्ज झालं. साहेबांनी कंदी पेढ्यांचा पुडा आणला. एक पेढा ऋतुजाला दिला, एक शालनताईंना, आणि एक कागदावर ठेवून त्या यंत्राच्या पुढ्यात सरकवला. संध्याकाळी तो स्वतःच खाल्ला, हेही त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं.

त्या दिवसापासून कॅलेंडरच्या पानावर तीन रकाने आले. ‘यंत्राचं म्हणणं’, ‘माझं म्हणणं’ आणि ‘तुमचं म्हणणं’. मुख्य कार्यालयाच्या नमुन्यात पहिले दोनच होते. तिसरा साहेबांनी पट्टी धरून पेन्सिलीने आखला. कार्यालयाने विचारलं, हा कशाला, तर म्हणाले, "ज्याच्याबद्दल आपण दोघं बोलतोय, तो समोर बसलेला असतो म्हणून."

या तिसऱ्या रकान्याने माझं दुकान वाचवलं.

झालं असं, की वडिलांच्या हातचं माझं कापूस पिंजायचं यंत्र ऐन हंगामाच्या तोंडावर मोडलं. त्यातला फिरता ड्रम फुटला, आणि तो आता कुठे बनत नाही. इकडे कोरेगाव रस्त्याच्या नव्या मंगल कार्यालयाने मला साठ गाद्यांची ऑर्डर दिली होती. विसार घेऊन मी खोळींचं कापडही आणलं होतं. मालकाने स्पष्ट सांगितलं, लग्नसराईच्या आत गाद्या न्हाई मिळाल्या तर साताऱ्याहून फोमच्या आणतो. तशा फोमपायी निम्मं गिऱ्हाईक आधीच गेलं होतं. ही ऑर्डर गेली असती तर मी दुकानाला कुलूप लावून पुण्यात कुणाच्या तरी कारखान्यात कामाला लागलो असतो. जैबूनने तशी मनाची तयारीही केली होती. नव्या यंत्रासाठी कर्ज हा एकच रस्ता होता.

शाखेत साहेबांनी मला ओळख दाखवली नाही. "नाव?" म्हणाले. मी म्हणालो, "आवं, सकाळी माज्याच घरनं चहा पिऊन आलाय की!" ते म्हणाले, "तिथे मी तुमचा भाडेकरू. इथे तुम्ही अर्जदार. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव?"

सांगलीकरांनी मला छत्तीस गुण दिले.

साहेबांनी पडदा माझ्याकडे वळवला. दोन हिरव्या पट्ट्या होत्या. आधीचं कर्ज वेळेवर फेडलं, दुकान कित्येक वर्षं एकाच जागी. मग एक लहान लाल पट्टी, पावसाळ्यात उत्पन्न जवळजवळ शून्य. आणि शेवटी एक लाल पट्टी पार पडद्याच्या कडेपर्यंत गेलेली. ‘खात्यातील जमा दोन वर्षांपासून सतत घटती.’

"सांगलीकर म्हणतायत, तुमचा धंदा बंद पडत चाललाय."

"बंद? सायेब, माज्या भुवया बघा. ह्यो पांढरा रंग वयाचा न्हाई, कापसाचा हाय!"

"भुवया पुरावा होत नाहीत. तुमचं म्हणणं बोला."

पावसाळ्याचं मला सांगता आलं. "सायेब, पावसाळ्यात कापूस ओल धरतो. तवा भरलेल्या गादीत गोळं होत्यात. गिऱ्हाईक आलं तरी मी परत लावतो." साहेबांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘पावसाळ्यात गादी न भरणे हा आळस नसून प्रामाणिकपणा आहे.’ पण त्या लांब पट्टीचं काय, ते मलाच कळेना. गिऱ्हाईक येतं, पैसे देतं, घर चालतं. मग जमा घटते कशी? साहेबांनी तेवढी जागा रिकामी ठेवली. "रविवारी दुकानात येतो," म्हणाले.

रविवारी ते जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरून आले, पण पायात बूट, हातात पिशवी आणि छत्री, जणू वाईहून आल्यासारखे. दारात उभे राहून "आत येऊ का?" विचारलं. मग स्टुलावर बसले आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे पानावर एक रेघ मारत राहिले. पिंजायचं यंत्र मोडलेलं, पण तयार उशा आणि लोड विकणं चालू होतं. दुपारपर्यंत आठ रेघा झाल्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"सिकंदरभाई, आठ जणांनी पैसे दिले?"

"व्हय की. समद्यांनी मोबाइलवर दिलं."

"मग तुमचा फोन एकदाही का वाजला नाही?"

मी फोनकडे बघितलं. खरंच की. साहेब उठले, भिंतीवरच्या, पैसे घ्यायच्या चौकोनी ठिपक्यांच्या स्टिकरपाशी गेले, आपला फोन त्याच्यासमोर धरला आणि मोठ्याने वाचलं, "इस्माईल शेख. हे कोण?"

"मेव्हणं माजं. फलटनला अस्त्यात."

"तुमच्या दुकानात मेव्हण्याचं नाव? का ते सांगा."

यात सांगण्यासारखं काय होतं, तेच मला कळत नव्हतं. स्टिकर लावणारा आला तेव्हा माझ्याकडे बटणांचा फोन होता. इस्माईल त्या दिवशी आमच्याकडे जेवायला आला होता, त्याच्याकडे चांगला फोन होता. म्हणून त्याच्या नावावर काढला. गिऱ्हाइकाचे पैसे त्याच्या खात्यात पडत आणि तो दर जुम्म्याला नमाज झाली की मोटरसायकलवरून रोख आणून देई, ती थेट कापसात आणि घरखर्चात जाई. एका पैशाचा घोळ नाही. मागच्या वर्षी मी चांगला फोन घेतला, पण स्टिकर बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. भिंतीला चिकटलेलं होतं, काम चाललं होतं.

साहेबांनी तिथूनच इस्माईलला फोन लावायला सांगितला. तो पलीकडून ओरडतच होता. "दाजी, बरं झालं तुमीच फोन केला! मला रोज कुनाकुनाचं फोन येत्यात, कर्ज घ्या म्हून. मी सांगतो, आवं मी भिती रंगवनारा मानूस. तर ती पोरगी म्हंती, न्हाई सर, तुमचा बिझनेस लय झ्याक चाललाय!"

इतक्या वर्षांत मी पेठकर साहेबांना पहिल्यांदा हसताना बघितलं. स्टुलावर बसून, पोट धरून. हसताना नाकात कापूस गेला आणि मग शिंकत राहिले. शिंका आणि हसणं यातून एकेक शब्द बाहेर येत होता. "म्हणजे… सांगलीकरांच्या लेखी… रहिमतपूरचा गादीवाला बुडाला… आणि फलटणचा रंगारी… मोठा व्यापारी झाला!"

हसून झाल्यावर ते गंभीर झाले. "यंत्र चुकलं नाही हं. त्याला जेवढं दाखवलं तेवढंच त्याने बघितलं. पण नुसता छत्तीस आकडा दिला असता, तर तुम्ही पुण्याला गेला असता आणि सांगलीकर धरून आपल्या तिघांनाही कधी कळलं नसतं."

पुढचे तीन रविवार साहेब, इस्माईल आणि मी माझं बिलबुक आणि इस्माईलच्या खात्याचा उतारा घेऊन बसलो. अमुक तारखेला दोन उशा, हे बघा तेवढेच पैसे त्याच दिवशी. साहेबांनी अकरा पानांचा शेरा लिहिला. त्यात मी त्यांचा घरमालक आहे हेही लिहिलं, आणि म्हणून समितीने दुसरा माणूस पाठवून खात्री करावी असंही लिहिलं. मी घाबरलो. "आवं, असं कशाला लिवता?" तर म्हणाले, "कारण खरं असलं की ते कुणीही येऊन तपासावं. खोटं असलं तर मलाच कळलेलं बरं." साताऱ्याहून माणूस आला, त्याने तपासलं, आणि कर्ज मंजूर झालं. अट एकच, स्टिकर बदलणे.

नवा स्टिकर लागला त्या दिवशी साहेबांनी स्वतः येऊन एक रुपया पाठवला. माझा फोन वाजला. मी तो परत करायला निघालो तर म्हणाले, "परत करू नका. कारण एक, ही चाचणी आहे. कारण दोन, तुमच्या दुकानात तुमच्या नावावर आलेला हा पहिला रुपया आहे." ऋतुजालाही त्यांनी पत्र लिहिलं, आणि तिने सगळ्या शाखांच्या अर्जात एक प्रश्न वाढवला, दुकानातला कोड कुणाच्या नावाचा आहे? साहेब आठवडाभर छाती काढून चालत होते. "सांगलीकर ऐकतात. कारण दिलं की ऐकतात."

साठ गाद्या वेळेत गेल्या. नव्या यंत्रातून पहिला कापूस उडाला तेव्हा जैबूनने दुवा मागितली, त्यात आमच्या मुलींच्या नावांनंतर पेठकर साहेबांचं नाव होतं. आज माझ्याकडे दोन कारागीर आहेत आणि हप्ता कधी चुकलेला नाही. लोक म्हणतात, नशीब. मी म्हणतो, मला एका माणसाने समोर बसवून कारण विचारलं. माझ्या आयुष्यात एवढा वेळ देऊन माझं म्हणणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. त्यांचे उपकार मी मानतो, आणि त्या लाल पट्टीचेही मानतो. ती नसती तर मला माझीच चूक सापडली नसती.

गेल्या वर्षी साहेब निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी मी हार घेऊन शाखेत गेलो, तर ते यंत्रासमोर बसून अर्ज भरत होते. स्वतःचाच. "कर्ज नकोय," म्हणाले. "सांगलीकर माझ्याबद्दल काय म्हणतात ते बघू." शहाऐंशी गुण पडले. हिरव्याच हिरव्या पट्ट्या. नोकरी स्थिर, देणं नाही, सगळी बिलं वेळेवर. लाल पट्टी एकच होती, तीही बोटाच्या पेराएवढी. ‘सहअर्जदार नाही.’

साहेबांनी सवयीने पान घेतलं. यंत्राचं म्हणणं लिहिलं. ‘माझं म्हणणं’ या रकान्यात लिहिलं, ‘बरोबर आहे.’ तिसरा रकाना आखला, पेन तिथे टेकवलं, आणि मग पेनाचं टोपण लावून टाकलं. पान घडी करून खिशात गेलं. "निदान हे सांगलीकर कारण तरी सांगतात," एवढं बोलले आणि हारासाठी मान पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सामान आवरायला मी वर गेलो. वाईला टेम्पो जायचा होता. मी म्हणालो, "सायेब, आता तरी गादी द्या. दोन तासांत पिंजून देतो. माज्या माडीवरनं असली गादी बाहेर गेली तर बाजारात मला त्वांड दाखवायला जागा न्हाई." त्यांनी या वेळी कारणं दिली नाहीत. बाजूला झाले.

मी चादर ओढली आणि थांबलो. ती उंच गादी नव्हतीच. पाच बाय सहाची दुहेरी गादी मधोमध दुमडून, वरून टाके घालून अरुंद केलेली. लग्नात देतात तसली, मरून रंगाची खोळ, कडेला पिवळी किनार. इतकी वर्षं दुमडीच्या आत राहिलेला रंग नव्यासारखा होता. बाहेरचा पार विटलेला. गादीवाल्याला ते बघून वेगळं काही सांगावं लागत नाही.

साहेब ट्रंकेवर बसले होते. म्हणाले, "सांगलीला होतो तेव्हा. मुलगी बघायला गेलो. मला आवडली. तिलाही आवडलो असेन असं वाटलं, दोनदा हसली होती. तिचे वडील दारापर्यंत आले आणि म्हणाले, ‘कळवतो.’ मी दुसऱ्या दिवशी गादी भरायला टाकली." त्यांनी बुटाची नाडी सोडून परत बांधली. "नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, सिकंदरभाई. फक्त का ते सांगायला हवं होतं. मी सुधारलं असतं."

मी टाके उसवले, गादी उलगडली आणि खांद्यावर टाकून खाली आलो. कापूस अजून चांगला होता, लांब धाग्याचा. यंत्रात घातला तसा फुलून दुप्पट झाला. वर जाऊन मी विचारलं, "सायेब, एकेरी करू का दुहेरी?"

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "दोन एकेरी करा. एक मी वाईला नेतो. दुसरी इथेच, माडीवर राहू द्या. खोली भाड्याने दिलीत तरी गादी देऊ नका."

"का ते सांगा," मी म्हणालो. बारा वर्षांत त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

दोन्ही गाद्या भरून झाल्या, तेव्हा पेठकर साहेबांनी छत्री काखोटीला मारली, टेम्पोत चढून बसले, आणि मग खिडकीतून माझ्याकडे बघून हळूच हसले.

"कळवतो," म्हणाले.

खोली मी भाड्याने दिलेली नाही. गादी दर आठवड्याला उन्हात टाकतो. परवा ईदच्या सकाळी जैबून बिर्याणीचं मीठ चाखून बघत होती, तेवढ्यात जिन्यात बूट वाजले.